दोन उन्हाळ्यांचं लाकूड

बँकेच्या नव्या साहेबांनी लाकडाच्या थप्पीवर हात ठेवला आणि लगेच तो रुमालाला पुसला. थप्पीवर धूळ होतीच. एका जागी इतके दिवस पडलेल्या वस्तूवर धूळ बसणार नाही तर काय होणार? पण मिस्त्रीला वाटलं, साहेबांनी आपल्या लाकडाला नाक मुरडलं, आणि तो तिथूनच तिरका बोलायला लागला.

मिस्त्री दांडे करायचा. कुऱ्हाडीचे, कुदळीचे, फावड्याचे, खाणीतल्या घणाचे. त्याच्या बापानंही, म्हणजे आबांनीही, जन्मभर तेच केलं. दरवर्षी बँकेच्या पैशानं ओलं लाकूड घ्यायचं, त्याच्या फाळ्या पाडायच्या, मध्ये बारीक पट्ट्या ठेवून वारा खेळेल अशी थप्पी लावायची, टोकांना रंग फासायचा म्हणजे ती तडकत नाहीत, आणि मग गप्प बसायचं. दोन उन्हाळे खाल्ल्याशिवाय थप्पीला हात लावायचा नाही, हा घरचा नियम होता. त्यामुळे परड्यात कायम दोन थप्प्या असायच्या. एक पिकत आलेली, एक कोवळी.

"ही कधीची?" साहेबांनी विचारलं.

"गेल्याच्या गेल्या वर्षीची. आता उघडायची. वाजवून बघा, कशी खणखणीत झालीय."

साहेबांनी वाजवून बघितलं नाही. "मग ही धरता येणार नाही."

"म्हणजे?"

"वर्षावरचा माल आम्ही जुना समजतो. त्याच्यावर कर्ज चालत नाही. आधीच्या साहेबांनी कानाडोळा केला असेल, पण आता वरून कडक झालंय."

"अहो साहेब, जुना आहे म्हणून तर तो माल आहे. नवं आहे ते नुसतं आडवं पाडलेलं झाड!"

पलीकडे मिस्त्रीची बायको कोवळ्या थप्पीच्या टोकांना रंगाचा दुसरा हात देत उकिडवी बसली होती. ती तोंडावर पदर घेऊन हसली. साहेबही थोडे हसले. माणूस वाईट नव्हता. उन्हात उभं राहून त्याची मान लाल झाली होती, आणि जे सांगायचं ते अजून अर्धंच सांगून झालं होतं.

"आणि व्याजाचा दर पुन्हा वाढलाय," तो म्हणाला. "वरच्या बँकेनं वाढवला. या वर्षातली तिसरी खेप."

"वरची म्हणजे तुमचं मोठं ऑफिस?"

"नाही हो. सगळ्या बँकांची बँक. ती आम्हाला महाग देते, मग आम्हीही तुम्हाला महाग देतो."

"तिच्याकडून तुम्ही घेतलेत. मी तिचं तोंडही बघितलेलं नाही."

"पण माझं बघितलंत ना?"

"बरं, ती कशापायी वाढवते?"

"महागाई झाली म्हणून. पैसा महाग केला की लोक कर्ज कमी काढतात, खरेदी कमी करतात. मग भाव खाली येतात."

बाजेवर पडलेले आबा सगळं ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि हात कापत होते, पण कान शाबूत होते. "म्हणजे," ते म्हणाले, "सगळं महाग झालं म्हणून पैसाही महाग केला?"

"तसंच म्हणा, आजोबा."

"फार शहाणा माणूस बसलाय वर," आबा म्हणाले आणि कूस बदलली. ही स्तुती की टिंगल, ते साहेबांना कळलं नाही.

निघताना साहेबांनी आवाज खाली आणला. जुन्या थप्पीवरचे पैसे तिमाही संपायच्या आत भरावे लागतील, नाहीतर खातं बिघडेल आणि पुढच्या लाकडाला पैसे मिळणार नाहीत. "माझ्या घराचा हप्ताही वाढलाय, मिस्त्री. मुलीचा क्लास बंद केला आम्ही," असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकेला लागली.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी बाजारात गेला. हत्यारांचा दुकानदार त्याचं जुनं गिऱ्हाईक होता. उन्हाळ्याच्या तोंडाला तो एका दमात टेम्पोभर दांडे उतरवून घ्यायचा आणि भिंतीला लावून ठेवायचा. या वेळी त्यानं चहा मागवला, आणि चहा आला तेव्हाच मिस्त्री सावध झाला, कारण दुकानदार उगाच चहा पाजणाऱ्यांतला नव्हता.

"घेईन की," दुकानदार म्हणाला, "पण लागतील तसे. आठवड्याला पाच-सात. माझंही दुकान बँकेच्याच पैशावर भरलंय. भिंतीला टेकलेला एकेक दांडा उभ्या उभ्या व्याज खातो रे. आणि घेतंय कोण? कर्ज महाग झालं म्हणून घरं बांधायची थांबलीत. गवंडी दुपारी देवळाच्या ओट्यावर झोपतात."

"माझं कसं व्हायचं?"

"माझं कसं होईल ते मला कळलं की तुझं सांगतो."

परत येताना मिस्त्रीनं मोटारसायकल उतारावर बंद करून नुसती गडगडत आणली. पेट्रोल वाचवायची ही त्याची नवी खोड होती. बायकोनं फाटकातून बघितलं आणि ओळखलं, काम झालेलं नाही.

काम चालून आलं ते खाणीकडून. रस्त्याचं मोठं काम निघालं होतं आणि खाणीच्या मुकादमाला घणाचे आणि कुदळीचे दांडे हवे होते, ढिगानं हवे होते आणि लवकर हवे होते. अर्धे पैसे आधी, अर्धे माल उचलताना. बँकेचं भागून वर चार पैसे उरतील एवढं ते काम होतं. मिस्त्रीनं जुन्या थप्पीकडे बघितलं. तेवढ्यात ते भागणार नव्हतं. जेमतेम निम्मे दांडे निघाले असते.

"निम्मेच देतो म्हणा," बायको म्हणाली.

"निम्मे दिले तर तो दुसऱ्याकडे जाईल. त्याला एका हाताचा माल पाहिजे."

"मग जाऊ दे."

ती इतकी सहज म्हणाली की मिस्त्रीला राग आला. पण त्याच दिवशी तिच्या माहेराहून फोन आला. तिची आई अंगणात पडली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. तिनं घाईघाईनं पिशवी भरली, आबांच्या गोळ्या कुठं ठेवल्यात ते दोनदा सांगितलं, आणि फाटकातून परत फिरून म्हणाली, "नव्या थप्पीला हात लावू नका. छान वारा लागतोय तिला. लागू दे."

"मला शिकवू नकोस," मिस्त्री म्हणाला.

ती गेली आणि तो कामाला लागला. काम मात्र तो देखणं करायचा. फाळी करवतून घ्यायची, वाकसाच्या आडव्या पात्यानं सोलून काढायची, मग दोन मांड्यांत धरून रंध्यानं गोल करत आणायची, हाताची मूठ कुठं बसेल ते आपल्याच मुठीनं बघायचं. पाठ भरून यायची, छातीवर घामानं ढलप्या चिकटायच्या, आणि जुनं लाकूड रंध्याखाली खसखस वाजायचं. तो आवाज ऐकून आबा बाजेवर मान डोलवायचे.

जुनी थप्पी संपली तेव्हा मिस्त्री बराच वेळ नव्या थप्पीसमोर उभा होता. मग त्यानं वरच्या फाळ्या काढल्या. नवशिका असता तर फसला असता, पण याला पक्कं माहीत होतं आपण काय करतोय ते, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. त्यानं पत्र्याच्या खोपटात ढलप्यांचा धुमसता जाळ केला, वर मांडण करून फाळ्या ठेवल्या, उलट्यापालट्या केल्या. लाकूड वरून वाळलं, रंगानं जुन्यासारखं दिसायला लागलं, बोटानं वाजवलं तर वाजायलाही लागलं. आत काय होतं, ते आतच राहिलं.

रंध्याचा आवाज मात्र बदलला. आता तो खसखस येत नव्हता, चिकट येत होता.

"हे कुठलं?" आबांनी विचारलं.

"जुन्यातलंच. तळातलं आहे, जरा गारठलंय."

आबांनी वास घेतला. नाकपुड्या हलल्या. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मुलाला काही विचारलं नाही. घरात औषधं कोणाच्या पैशानं येतात हे त्यांना ठाऊक होतं.

या घराची आणखी एक रीत होती, आणि गिऱ्हाईक टिकून होतं ते तिच्यामुळेच. नव्या मालाचा ढीग तयार झाला की त्यातला एक दांडा घरच्या कुऱ्हाडीला बसवायचा. घरातल्या बाईनं त्या कुऱ्हाडीनं पंधरवडाभर सरपण फोडायचं. पातं हललं नाही तरच माल बाहेर द्यायचा. म्हणून गिऱ्हाईक मिस्त्रीला विचारायचंच नाही. विकणारा आपल्या मालाला वाईट कशाला म्हणेल? ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी यायचं आणि विचारायचं, "वहिनी, दांडा कसा आहे?" आधी सासू सांगायची, आता सून सांगायची. दोन खेपेला तिनं "अजून थांबा" म्हणून माल अडवला होता आणि मिस्त्रीनं मुकाट्यानं ऐकलं होतं.

हा घरचा दांडा आबा डोळे मिटून ढिगातून ओढायचे, हाताला येईल तो. हात कापायला लागल्यापासून ते काम मिस्त्रीकडे आलं होतं. या खेपेला त्यानं डोळे उघडे ठेवून काढला. जुन्या थप्पीतला, सरळ रेषेचा, उत्तम दांडा त्यानं कुऱ्हाडीला बसवला आणि ती कुऱ्हाड बायकोच्या नेहमीच्या जागी, पाण्याच्या हंड्यामागं टेकवून ठेवली.

ती आली तेव्हा वाळलेली होती. आईचं सगळं अंथरुणातच करावं लागत होतं. आल्या आल्या तिनं परडं बघितलं. "नवी थप्पी एवढी खाली कशी आली?"

"पत्रा गळला. वरच्या फाळ्या काळ्या पडल्या होत्या. वीटभट्टीवाल्याला जाळायला देऊन टाकल्या."

"अगं आई गं," ती हळहळली. "मी असते तर ताडपत्री टाकली असती." आणि नवऱ्याच्या हाताला फोड आलेले बघून तिनं त्यावर तेल लावलं. मिस्त्रीनं हात तिच्या हातात राहू दिला. तेवढा वेळ त्याला मान वर करता आली नाही.

ती रोज सकाळी सरपण फोडायची. पातं जागचं हललं नाही. मुकादम ट्रक घेऊन आला तेव्हा मिस्त्रीनं त्याला पुढच्या दारी खुर्ची दिली. मुकादम खुर्चीवरून उठला आणि मागच्या दाराशी गेला.

"वहिनी, दांडा कसा आहे?"

"कालच गाठीचं लाकूड फोडलंय," ती हात पुसत म्हणाली. "घाव फुकट गेला नाही. खुशाल न्या."

मुकादमानं त्या शब्दावर उरलेले पैसे मोजून दिले. मिस्त्रीनं त्याच दुपारी बँकेत भरले. साहेब म्हणाले, "वा, बोलल्यासारखं केलंत." मिस्त्री हसला, पण पावती घ्यायची विसरून तसाच बाहेर आला आणि शिपायानं ती पळत आणून दिली.

मग उन्हाळा पेटला. कोरडा, अंगावर भाजणारा वारा दिवसभर सुटायचा. ओठ फुटत होते, मडकी तडकत होती, आणि खाणीत दांडे आकसायला लागले. आतली ओल निघाली की लाकूड अंग चोरतं आणि हत्याराच्या नेढ्यात, म्हणजे दांड्याच्या भोकात, सैल होतं. खाणीतली माणसं आधी घण बादलीत उलटे बुडवून ठेवायला लागली. भिजलं की दांडा फुगायचा, दुपारपर्यंत धरायचा, मग पुन्हा खुळखुळ.

एक दिवस खडी फोडणारी एक बाई मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. डावा हात गळ्यात बांधलेला होता, खांदा सुजून कानापर्यंत आला होता. उजव्या हातात नुसता दांडा होता. तो तिनं उंबऱ्याशी ठेवला.

"घण उगारला आणि त्याचं डोकं मागच्या मागं निसटून खांद्यावर बसलं," ती म्हणाली. भांडायला आली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. "हाड मोडलंय खांद्याचं. मुकादम म्हणतो, दांडा तुझ्या हातून बिघडला. पैसे मजुरीतून कापलेत. मी म्हटलं, तुम्हालाच विचारावं. तुम्ही सांगितलं म्हणूनच घेतलेत ना सगळे?"

"बसा," मिस्त्रीची बायको कशीबशी म्हणाली. तिनं पाणी दिलं. मग तो दांडा घेऊन ओट्यावर उभा धरला, घरची कुऱ्हाड उचलली आणि उभा चिरला.

वरचा थर वाळलेला होता. आत मध्यभागी लाकूड काळपट, ओलसर होतं. आंबूस वास आला. तो वास तिच्या ओळखीचा होता. त्याच थप्पीच्या टोकांना तिनं गुडघे मोडेपर्यंत बसून रंग लावला होता.

मिस्त्री खोपटाच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या तोंडाकडे बघून तिला पुढं विचारायची गरज पडली नाही, तरी तिनं विचारलं. "वीटभट्टीवाल्याला दिल्या म्हणालात."

"तिमाही संपत होती."

"आणि हा माझ्या कुऱ्हाडीचा?"

त्यानं छातीला चिकटलेली ढलपी काढली.

"हा कोणत्या थप्पीतला, ते विचारतेय मी."

"जुन्या."

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. खडीवाली दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. परक्या बाईसमोर नवऱ्याची अब्रू काढायची नाही, हे मिस्त्रीच्या बायकोच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की आताही तिचा आवाज चढला नाही. "माझ्या तोंडून खोटं बोलवलंत तुम्ही," ती म्हणाली.

"मी तुला काही बोल म्हणालो नाही."

"तेच तर. म्हणाला असतात तर मी बोलले असते का?"

"मग मी काय करायचं होतं?" मिस्त्रीचा बांध फुटला. "लाकूड आपलं पडून राहतं ढिम्म. व्याज एक दिवस पडून राहतं का? रविवारीसुद्धा चढतं! तिकडं कोणीतरी आकडा बदलतो आणि इकडं माझे दोन उन्हाळे महाग होतात. मला दोन उन्हाळे परवडत नाहीत आता. समजतंय का तुला?"

"समजतंय," ती म्हणाली. "ते मला सांगायचं होतंत. आपण खातं बिघडू दिलं असतं."

बाजेवरून आबांचा आवाज आला. "मला वास आला होता, सूनबाई." एवढंच म्हणून म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही.

तिनं घरच्या कुऱ्हाडीचा दांडा ठोकून बाहेर काढला आणि खडीवालीच्या चांगल्या हातात दिला. "हा दोन उन्हाळ्यांचा आहे. खांदा बरा झाला की घणाला लावा." खडीवालीनं तो घेतला, हातानं तोलला आणि मान हलवली. खांदा बरा होईल की नाही हे दोघींनाही माहीत नव्हतं.

मग खोपटात उरलेल्या ओल्या दांड्यांतला एक तिनं आणला आणि आपल्या कुऱ्हाडीला बसवला.

"तो नको," मिस्त्री म्हणाला.

"आता घरचा हाच."

मिस्त्रीनं मोटारसायकल विकली. खडीवालीच्या दवाखान्याचं आणि कापलेल्या मजुरीचं बघून झाल्यावर तो बाजारात दुकानदाराकडे गेला आणि त्यानं घणाचे दांडे मागितले. दुसऱ्यांनी केलेले, परगावचे, यंत्रावरचे.

"दांडेवाला दांडे विकत घेणार?" दुकानदारानं मोठ्यानं विचारलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. मिस्त्री एकेक दांडा निवडत होता, वाजवत होता, आणि त्याचे कान तापले होते. ते दांडे भाड्याच्या हातगाडीवर घालून तो खाणीत गेला, नव्या थप्पीतले सगळे परत घेतले, बदल्यात हे दिले. मुकादमानं दांडे मोजून घेतले. फक्त म्हणाला, "पुढच्या वेळी वहिनींना विचारून काय उपयोग?" हे मिस्त्रीनं घरी सांगितलं नाही.

पुढचा हप्ता चुकला. साहेब आले, दंडाचं व्याज लागेल म्हणाले, आणि मग जरा उजळ तोंडानं म्हणाले, "एक बरी बातमी आहे. वरच्या बँकेनं दर थोडा उतरवलाय."

"मग माझं व्याज उतरलं?"

"लगेच नाही. आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. दोन-तीन तिमाह्या जातील."

"चढताना तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला होतात."

साहेबांनी रुमाल काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला. मिस्त्रीची बायको थप्पीमागून म्हणाली, "राहू दे. आम्हाला थांबायची सवय आहे." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

ती अजूनही रोज सकाळी सरपण फोडते. मिस्त्रीनं लाख विनवलं, दुसरा दांडा विकत आणून दिला, तो तिनं खुंटीला टांगला. पहिले काही दिवस ती कुऱ्हाड उगारायची तेव्हा पात्याचा खडखडाट घरभर ऐकू यायचा. प्रत्येक घावाला मिस्त्री डोळे मिटायचा.

आता तो तिच्या आधी उठतो. हंड्यामागून कुऱ्हाड काढतो, पातं हलवून बघतो, जुन्या थप्पीतला एक तुकडा उरलाय त्याची बारीक पाचर तासतो आणि दांड्याच्या डोक्यात हळू हळू ठोकतो. आवाज होऊ नये म्हणून मध्ये फडकं धरतो. ती अंथरुणात जागी असते. ठोकणं थांबेपर्यंत ती उठत नाही.